घरजावई मोशे

माझी मुलगी रिव्का अडखळत बोलते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक ते आवाज खाली आणून सांगतात, आणि मला त्याचा संताप येतो. ती बारा वर्षांची आहे, गणितात माझ्यापेक्षा बरी आहे आणि भांडायला लागली की बापालाही आवरत नाही. फक्त काही शब्दांच्या दाराशी तिला जरा थांबावं लागतं. 'म' हे त्यातलं सगळ्यात घट्ट दार.

आम्ही बेने इस्राएल. काटेवाडीत आमचं एकच ज्यू घर. नवरा एझ्रा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, मी बारामतीत शाळेत विज्ञान शिकवते. आडनाव अष्टमकर. त्यामुळे नवीन माणूस आधी विचारतो, अष्टमीला उपास करता का? मग मी आमच्या शनिवारच्या विश्रांतीपासून सुरुवात करून सगळं समजावते, आणि ऐकून झाल्यावर तो म्हणतो, म्हणजे शनिवारचा उपास करता.

गावात सिनेगॉग नाही, तेव्हा रिव्काचं धर्मशिक्षण मोबाइलवर. दर रविवारी पुण्याहून शिमशोन सर वर्ग घ्यायचे. माणूस हौशी. आईबापांनीही शेजारी बसलं पाहिजे, हा त्यांचा नियम. कधी हिब्रू अक्षरं कणकेची करायला लावायचे, कधी मलिद्याचे, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाचे, पोहे भिजवायला. एझ्राने आपल्या आयुष्यातलं पहिलं खोबरं त्या वर्गात किसलं. पण प्रत्येक मुलाने एकेकट्याने बोलायची वेळ आली की रिव्काचा चेहरा बदलायचा. आमच्या पैगंबराचं, मोझेसचं, नाव आमच्यात मोशे; ती 'मोशे' म्हणायला तोंड मिटायची आणि ते मिटलेलंच राहायचं. पडद्यावर बघणाऱ्याला वाटावं, चित्र गोठलं.

"रिव्का, तुझी रेंज गेली वाटतं बेटा," सर म्हणायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे.

रेंज चांगली भरलेली असायची. रिव्का फोन उलटा ठेवून उठून जायची.

शेवटी मी सरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते मनापासून हळहळले. आणि मग त्यांनी तोडगा काढला, तो ऐकून माझं डोकं फिरलं. त्या वर्षी बारा वर्षांच्या झालेल्या मुलींची बात मित्सवा, म्हणजे धर्माने सज्ञान झाल्याचा सोहळा, पुण्याच्या सिनेगॉगमध्ये एकत्र व्हायची होती. प्रत्येकीने तोरातली, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातली, एक गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. त्याआधी सगळ्या कुटुंबांचं एक दिवसाचं शिबिर, पुणे आणि सोलापूर दोन्हीकडच्यांना सोयीचं म्हणून इंदापुरात. तिथे मुली गोष्टी सांगणार आणि पुण्यात कोण काय करणार, हे सर तिथे ठरवणार.

"रिव्काला तोराचं पुस्तक धरून उभं करू," सर म्हणाले. "तिची गोष्ट वर्गातली दिवोरा सांगेल. वाईट वाटून घेऊ नका. मोशेची जीभही जड होती, आणि देवाने त्याच्यासाठी बोलायला त्याचा भाऊ अहरोन दिलाच ना?"

फोन स्पीकरवर होता आणि रिव्का दारात उभी होती. ती रडली नाही. तिने मला पाटीवर लिहून दाखवलं: "मला अहरोन नको."

झालं. आता तिला बोलतं करायचं, एवढंच मला दिसत होतं. मी तिला आरशासमोर उभं केलं, श्वास मोजायला लावले, गोष्ट पाठ करून घेतली. जितकं मी रेटलं, तितकं ते दार घट्ट झालं. शेवटी तिनेच मला बजावलं, "आई, तू ग-गप्प बस." 'ग'सुद्धा अडकायला लागला होता, एवढं माझ्या शिकवण्याचं फळ.

आमचे घरमालक म्हस्कूतात्या आणि त्यांची बायको भामाबाई मागच्या बाजूला राहतात. तात्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरांचा मोठा कळप होता. आता ऊस आहे, दोन म्हशी आहेत आणि केवळ हौसेखातर पाळलेली पाच मेंढरं. एका संध्याकाळी मी वैतागून रिव्काला घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"काय पाठ करतीया पोर?" तात्यांनी विचारलं.

मी सांगू लागले तर रिव्काने माझा हात दाबला. तिला स्वतः सांगायचं होतं. मेंढरांना पाला टाकत तात्या ऐकू लागले. तिने अडखळत, थांबत सांगितलं की मोशे मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, पळून गेला, परमुलखात लग्न केलं आणि मेंढरं राखायला लागला.

"कुणाची मेंढरं?"

"सा-सासऱ्याची."

"ऱ्हायाला कुठं?"

"त्यांच्याकडंच."

तात्यांनी पाल्याचा भारा खाली ठेवला. "म्हंजी घरजावई हाय की."

भामाबाईंनी तोंडाला पदर लावला. रिव्का एवढी हसली की ओट्यावर आडवी झाली. मीही हसले. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीतला एवढा मोठा माणूस एकदम आमच्या गल्लीत राहायला आल्यासारखा वाटला.

"हसू नगा," तात्या म्हणाले. "सासऱ्याची मेंढरं राखायची म्हंजी लई अवघाड. एक कमी झालं तर बायकू बी बोलती. म्होरं सांग."

पुढे जळणारं पण भस्म न होणारं झुडूप आलं, त्यातून हाक आली, पायातलं काढ म्हणून. ते तात्यांना लगेच पटलं. मग मोशे देवाला म्हणतो, मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे.

"अडखळत बोलायचा?"

"हो. माझ्यासारखा."

"मग आसंना. मेंढरास्नी कुठं घाई आसती." तात्यांनी एवढंच म्हटलं आणि भामाबाईंकडे वळले. "ही गोष्ट सांगायची न्हाय, गायाची हाय."

त्यांच्या घरात ओव्या पिढ्यान् पिढ्यांच्या. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती मागून उचलायची, त्याला झील धरणं म्हणतात. आणि मला एकदम आठवलं की आमच्यातही कीर्तनं व्हायची. माझे आजोबा अलिबागकडे पेटी घेऊन बसायचे आणि अब्राहामाची, योसेफाची कीर्तनं मराठीत रंगवायचे. शिवाय आणखी एक गोष्ट इतकी डोळ्यांसमोर होती की मला दिसलीच नव्हती. शुक्रवारी रात्री आम्ही तिघं 'शेमा'ची प्रार्थना एकत्र म्हणतो, तेव्हा रिव्का कधीच अडखळत नाही.

मग रोज संध्याकाळी ओटा. ओळी रिव्काने केल्या, तात्यांनी त्यांना वळण दिलं, भामाबाईंनी झील धरली. मी मध्ये बोलायचं नाही, अशी अट होती.

सरांना कळवणं भाग होतं. रिव्काने गायला त्यांची हरकत नव्हती, कीर्तनाचं नाव काढताच ते विरघळले. पण 'घरजावई' ऐकून ताठ झाले.

"मोशे रब्बेनूला, आपल्या गुरूला, घरजावई म्हणायचं? पुण्याची मंडळी काय म्हणतील?"

"तोरात सासऱ्याची मेंढरं राखायचा, असंच लिहिलंय ना सर?"

या वेळी मला वाटलं, रेंज गेली.

"जावई ठेवा," सर म्हणाले. "घर काढा. आणि हे बघा, इंदापुरात तिला जमलं नाही, तर मी तिला सगळ्यांसमोर ताटकळत ठेवणार नाही. दिवोरा पुढचं सांगेल."

शिबिर इंदापुरातल्या एका मंगल कार्यालयात होतं. पुण्याची मिनीबस आली, सोलापूरच्या दोन गाड्या आल्या. तात्या धुवट धोतर-फेट्यात आणि भामाबाई ठेवणीतल्या लुगड्यात पहिल्या रांगेत बसले. पोरांनी सकाळभर खेळ खेळले, बापांनी पोहे भिजवले, आयांनी केळी-खजुरांची ताटं मांडली. मग मुली एकेक करून उभ्या राहिल्या. दिवोराने नोहाची गोष्ट इतकी सफाईने सांगितली की मला तिचा राग आला, आणि रागाची लाजही वाटली नाही.

रिव्का उभी राहिली. शेजारी तात्या आणि भामाबाई. तिने तोंड उघडलं, मिटलं.

"म्…"

दार बंद झालं होतं. 'म' नाकातून येत होता, पुढे सरकत नव्हता. तिची मान ताठ झाली. मागे कुणीतरी खोकलं. एझ्राने माझं मनगट धरलं, कारण मी उठायच्या बेतात होते. सर खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी दिवोराकडे बघितलं. सगळं तिथेच संपलं, असं मला वाटलं.

भामाबाईंनी ऐकलं ते त्यांच्या रीतीने. पुढच्याने जे टाकलं ते मागच्याने उचलायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी तो 'म' उचलला आणि सुरात लांबवला. "म्…" त्यांच्या खाली तात्यांचा जाड आवाज लागला. आता ते अडखळणं राहिलं नव्हतं, गाण्याची सुरुवात झाली होती. पहिल्या रांगेतल्या लहानग्यांना वाटलं, असंच असतं. त्यांनीही ओठ मिटून सूर धरला. मग आया. मग एझ्रा, जो उभ्या जन्मात सुरात गायलेला नाही. सगळं कार्यालय एका 'म'वर घुमायला लागलं, आणि त्यावर पाय ठेवून रिव्का पलीकडे गेली.

"मोशे गं मोशे, सासऱ्याचा जावई,
सासऱ्याची मेंढरं डोंगराला नेई."

झील धरताना तात्यांनी खुशाल 'घरजावई' म्हटलं. हशा पिकला. मी सरांकडे बघायचं टाळलं.

"पायतान काढ रं, भुई ही पाक,
आगीच्या आतनं आली त्याला हाक.
जीभ माझी जड, बोलू मी कसा,
तोंड ज्यानं दिलं, तो बोलंल तसा."

शेवटच्या ओळीला पोरं उभी राहून झील धरत होती. सोलापूरचे एक आजोबा काठी आपटत ठेका देत होते. रिव्काचा आवाज मोकळा, उंच लागला होता. तो मी बारा वर्षांत ऐकला नव्हता. मी रडले. लपवलं नाही, लपवायचं कशाला?

सर पुढे आले. डोळे त्यांचेही ओले होते. "सिनेगॉगमध्ये तूच गाणार," ते म्हणाले. "तुझ्या झीलवाल्यांना घेऊन." तात्यांनी फेटा सारखा केला. मग सर मास्तरच ते, त्यांना प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना. "आता गाणं नाही, साधं सांग. देवाने मोशेच्या मदतीला कोण दिलं?"

मी पुन्हा उठायच्या बेतात होते. रिव्का मात्र घाईत नव्हती. तिने तात्यांच्या मेंढरांसारखं सावकाश इकडेतिकडे बघितलं.

"अहरोन," ती म्हणाली. "पण सर, अहरोन पु-पुढं वारला. आणि तोराचं शेवटचं पुस्तक आहे ना, त्यात सगळ्या लोकांपुढं एक ज-जण बोलतो. पुस्तकभर बोलतो." ती थांबली. तोंड मिटलं. कुणी तिच्या वतीने शब्द पुरवला नाही, कुणी खोकलं नाही, सरही नुसते उभे राहिले. "तो म्… म्… मोशेच."

रिव्काने धरायचं म्हणून आणलेलं पुस्तक सरांनी तिला दिलं नाही. स्वतःच छातीशी धरलं आणि तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले.