सिस्टरनी सांगितलेला आकडा

दर गुरुवारी दुपारी एक वाजता मेडिसिन विभागाच्या हॉलमध्ये केस-आढावा बैठक भरायची. ज्या पेशंटच्या बाबतीत काही चुकलं, निसटलं किंवा उशीर झाला, त्याची केस सगळ्यांसमोर मांडायची, असा तिथला शिरस्ता. रेसिडेंट डॉक्टर आपसांत तिला 'धुलाई' म्हणत. या खेपेला धुवायचे कपडे टाचणीचे होते.

टाचणी दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. अंगाने किडकिडीत आणि बोलायला टोकदार, म्हणून पहिल्याच महिन्यात तिला हे नाव चिकटलं. कामाला मात्र वाघीण. तिच्या पेशंटच्या फायलीत एक कागद इकडचा तिकडे सापडायचा नाही. त्यामुळेच जे घडलं ते तिला जास्त लागलं.

तीन आठवड्यांपूर्वी एक शिंपीकाका वॉर्डात भरती झाले. वय साठीच्या आसपास, किडनी आधीपासून नाजूक, दोन दिवस उलट्या आणि पायांतली ताकद गेलेली. टाचणीने अकरा वाजता त्यांचं रक्त तपासायला पाठवलं. एक चाळीसला लॅबमधून फोन आला: पोटॅशियम सात पूर्णांक आठ. इतकं चढलेलं पोटॅशियम म्हणजे हृदय कुठल्याही क्षणी बंद पडू शकतं. फोन थोरल्या सिस्टरनी घेतला. टाचणी तेव्हा पडद्याआड दुसऱ्या एका पेशंटच्या पाठीतून तपासणीसाठी पाणी काढत होती. दोन वाजता ड्यूटी बदलली. जाताना तिने पुढच्या डॉक्टरला सांगितलं, "शिंपीकाकांचे रिपोर्ट यायचेत अजून."

सव्वातीनला काकांचं हृदय थांबलं.

अकरा मिनिटं छाती दाबून, औषधं देऊन ते पुन्हा चालू केलं. काका वाचले. पण तेवढ्या वेळात मेंदूला रक्त कमी पडलं आणि आता काही धरायला गेलं की त्यांचा उजवा हात झटके द्यायचा. चमचा उचलला तर निम्मी आमटी चादरीवर.

सोमवारी टाचणी रेसिडेंटांच्या खोलीत स्लाइड बनवत बसली होती. खोली म्हणजे दोन टेबलं, एक मोडका पंखा आणि खुर्च्यांवर टाकलेले एप्रन. तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, ज्याला सगळे वकील म्हणत, तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"हे काय लिहिलंयस? 'रिपोर्टची माहिती डॉक्टरांपर्यंत पोचली नाही'? अगं, सरळ लिही, 'रिपोर्ट मिळण्यास विलंब'. तीन शब्दांत विषय मिटतो."

"विलंब कुठे झाला, विचारतील ना बैठकीत."

"विचारू देत. फोन सिस्टरनी घेतला, नोंदवहीत सही त्यांची आहे. तू खोटं बोलतच नाहीयेस." वकिलाने आवाज खाली आणला. "तुझं अख्खं वर्ष बाकी आहे. नसतं लोढणं गळ्यात अडकवून घेऊ नकोस."

टाचणीला आतून वाटत होतं की तो बरोबर बोलतोय. कारण कितीही डोकं खाजवलं तरी सिस्टर आपल्याला काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने स्लाइडवर 'विलंब' लिहिलं. वाचलं. शब्द गुळगुळीत होता, पण त्याखाली न लिहिलेलं एक नाव होतं, आणि ते तिचं नव्हतं. तिने लॅपटॉप मिटला आणि वॉर्डात गेली.

थोरल्या सिस्टर औषधांची ट्रॉली लावत होत्या. सव्वीस वर्षं नोकरी झालेली. नव्या डॉक्टरांना त्या सुईसुद्धा धरायला शिकवत.

"सिस्टर, त्या दिवशी तुम्ही मला आकडा सांगितला होता?"

सिस्टरनी ट्रॉलीवरून नजर उचलली नाही. "तीन आठवडे झाले, बाळा. आज विचारतेयस."

"मला आठवत नाही."

"पडद्याशी येऊन सांगितलं. सात पूर्णांक आठ, शिंपीकाका. तू 'हो, बघते' म्हणालीस. वर 'सिस्टर, लाइट जरा इकडे करा' असंही म्हणालीस. मी लाइट फिरवला." आता त्यांनी वर पाहिलं. "मग मी दुसऱ्या पेशंटकडे गेले. तू हो म्हणालीस, मला वाटलं झालं. मी पुन्हा यायला हवं होतं. रोज वाटतं तसं."

लाइट! लाइटचं मात्र टाचणीला लख्ख आठवलं. सुईच्या टोकाशी अंधार पडला होता, मग उजेड आला, मग पाण्याचा पहिला थेंब. म्हणजे सिस्टर तिथे होत्या. म्हणजे कानांनी आकडा ऐकला होता आणि तोंडाने 'हो'सुद्धा म्हटलं होतं. फक्त ती स्वतः तिथे हजर नव्हती.

"मी हे असंच सांगणार आहे, सिस्टर. तुम्ही याल बैठकीला?"

"आम्हाला कोण बोलावतं तिथे?"

"मी बोलावतेय."

गुरुवारी हॉल गच्च भरला होता. समोरच्या रांगेत विभागप्रमुख बसल्या होत्या. त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत आणि त्यांच्या चष्म्यालाही घाबरत. सिस्टर मागच्या दाराजवळ, पर्स मांडीवर धरून बसल्या.

टाचणीने केस मांडली. टेबलाची कड तिने घट्ट धरली होती. शेवटच्या स्लाइडवर एकच ओळ होती. ती तिने मोठ्याने वाचली: "एक चाळीसला सिस्टरनी मला आकडा सांगितला. मी हो म्हणाले. मला ते आठवत नाही, पण ते घडलंय."

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. इथे तर ती उभी होती. वकील बुटांकडे बघत होता.

मॅडमनी पहिल्या वर्षाच्या एका डॉक्टरकडे बोट केलं. "तू तिच्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

"मी... नीट लक्ष दिलं असतं, मॅडम."

"उत्तम. इकडे ये." मॅडमनी त्याला पुढे बोलावून हातात सुईदोरा दिला. "सुई ओव. आणि तोंडाने शंभरातून सात-सात वजा करत जा. मोठ्याने."

पोरगा घामाघूम झाला. "त्र्याण्णव... शहाऐंशी..." दोरा निसटला. तेवढ्यात मॅडम त्याच्या कानाशी सहज काहीतरी बोलल्या, तो "हो मॅडम" म्हणाला आणि एकदाची सुई ओवली.

"मी काय सांगितलं?"

"एकोणऐंशी?" तो चाचपडला.

"खाट क्रमांक चौदा, साखर अठ्ठेचाळीस. तू मला हो म्हणालास. तुझा पेशंट आता बेशुद्ध पडलाय." मॅडम सगळ्यांकडे वळल्या. "नीट लक्ष देईन ही नुसती इच्छा झाली, त्याला उपाय म्हणत नाहीत. उपाय सांगा."

मग अर्धा तास नुसती घुसळण चालली. कोण म्हणे फोन थेट डॉक्टरला लावा, कोण म्हणे वहीत दोन सह्या घ्या. शेवटी दारापाशी हात वर झाला.

"मी बोलू का?" थोरल्या सिस्टर उभ्या राहिल्या. "डॉक्टरांनी नुसतं हो म्हणू नये. आकडा परत म्हणून दाखवावा. म्हटला नाही, तर आम्ही हलायचं नाही तिथून. आणि हलायचं नाही हे आम्हाला मॅडमनी लेखी द्यावं, नाहीतर उद्या आमच्यावरच कोणीतरी खेकसेल."

मॅडमनी तिथल्या तिथे लिहून दिलं. हॉल रिकामा होताना त्यांनी टाचणीला थांबवलं. आता ओरडा बसणार म्हणून ती सावरून उभी राहिली.

"शिंपीकाकांना सांगितलंस?"

"नाही, मॅडम."

"मग अर्धंच काम झालंय. चल, मी येते बरोबर. पण बोलायचं तू."

काका खिडकीजवळच्या खाटेवर होते. काकू त्यांचा डबा पुसत होत्या. टाचणीने स्टूल ओढलं आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं: फोन किती वाजता आला, तिला कोणी सांगितलं, तिच्याकडून काय सुटलं, आणि वेळेत औषध दिलं असतं तर हृदय बहुधा थांबलं नसतं. आज ठरलेला, आकडा परत म्हणून दाखवायचा नियमही सांगितला.

काकूंनी डबा आपटला. "म्हणजे रोज हसून तब्येत विचारत होतात, आणि हे पोटात ठेवून?"

"हो काकू. आधीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

"या हातावर घर चाललं आमचं! तेहतीस वर्षं!" काकूंचा आवाज चढला. टाचणीला उठून पळावंसं वाटलं. ती बसून राहिली.

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "माफ केलं वगैरे मला इतक्यात म्हणता यायचं नाही, डॉक्टर."

"नका म्हणू, काका."

"पण सांगायला आलात. कापड चुकीचं कापलं की मी गिऱ्हाइकाला लगेच सांगायचो. लपवून शिवलेला कपडा अंगावर बसत नाही." त्यांनी मान वर केली. "त्या परत म्हणायच्या नियमाचं बघा मात्र. नुसता कागदावर ठेवू नका."

तिने बघितलं. आकडा परत म्हटला की नाही हे लिहायला दुसऱ्याच दिवशी फोनशेजारी वेगळी वही बांधली. पहिले आठ दिवस सगळ्यांनी चेष्टा केली. वकील कॅन्टीनमध्ये "दोन चहा" सांगून "परत म्हणून दाखव" म्हणायचा. टाचणी ढिम्म हलली नाही. रोज ड्यूटी संपली की ती वही चाळायची आणि ज्याने आकडा परत म्हटला नाही त्याला गाठायची. काही जण तिला पाहून जिना बदलू लागले. सिस्टरनी मात्र नियम असा उचलला की एकदा खुद्द मॅडमच्या समोर त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, आणि मॅडमना आकडा म्हणून दाखवावा लागला.

सहा आठवड्यांनी टाचणीने बैठकीत हिशेब मांडला. लॅबचे एकतीस फोन आले होते, सत्तावीस वेळा डॉक्टरने आपणहून आकडा परत म्हटला. राहिलेल्या चारांतला एक तिचा स्वतःचा होता. तोही तिने वाचला. सिस्टरनी वाट अडवली नसती तर तीही तशीच पुढे गेली असती, हेही सांगितलं.

शिंपीकाका तोवर घरी गेले होते. व्यायामाने हात थोडा स्थिरावला होता. कात्री धरता येत होती, सुई नव्हती. आता कापड ते कापायचे आणि शिवायच्या काकू. तपासणीला आले की टाचणीशी ते बेताचंच बोलत. काकू बोलत नसत.

तिने प्रश्नांसाठी हॉलकडे पाहिलं. वकील उठला, पण त्याला प्रश्न नव्हता.

"पुढच्या गुरुवारची केस माझी घ्या, मॅडम," तो म्हणाला. "गेल्या वर्षीची आहे. विलंब म्हणून लिहिलेली."