मागच्या चाकांची गाडी

"आता तोंड का शिवलंय? नवरा बोलला की राग, अन् भावानं पाणी सोडलं की मौनव्रत?" उमाशंकर पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाला.

रेणुका मागच्या सीटवरून बाहेर बघत होती. गाडी पांदणीच्या तोंडाशी उभी होती आणि काचेपलीकडे चिखल चमकत होता. पौष संपत आला होता, आभाळात ढगाचा कपटा नव्हता, आणि तिच्या शेताकडे जाणारी ही एवढीच वाट मात्र आषाढातल्यासारखी भिजलेली. तिच्या भावाच्या, श्रीशैलअण्णाच्या बोअरचा काळा पाइप बांधावरून येऊन वाटेत तोंड खुपसून पडला होता. चुकून आलेले पाणी कसे कडेकडेने, लाजत जाते. हे वाटेच्या मधोमध बसले होते, मालकासारखे.

बहिणीने हक्क सोडावा, भावाने साडीचोळी करावी, हा गावचा रिवाज. वडील, आप्पा, गेल्यावर तलाठ्यासमोर रेणुकाने सही केली नाही. लोह्याजवळच्या या शेतीतला खालवटीचा, रस्ता नसलेला तुकडा मग अण्णाने भाकरी कुत्र्यापुढे टाकावी तसा तिच्यापुढे टाकला. ती लातूरला एका दवाखान्यात रक्त तपासायचे काम करते. त्यावरून अण्णा चारचौघांत म्हणाला होता, "लोकांचं रक्त काढता काढता भावाचं काढाया लागली." तेव्हापासून पांदण भिजत आली होती. शेवटी रेणुकाने रस्त्यासाठी तहसीलला अर्ज केला. बुधवारी साहेब वाटेची पाहणी करायला येणार होते.

आणि आज रविवारी उमाशंकरने हा उपाय आणला होता.

विजेवरची ही गाडी दोन तऱ्हेने मिळत होती. एकीत फक्त मागच्या चाकांना मोटार, दुसरीत पुढच्याही. पहिली एका चार्जिंगमध्ये लांब पळते, दुसरी खड्ड्याचिखलातून निघते. नांदेडच्या शोरूममध्ये उमाशंकर खुर्ची पुढे ओढून म्हणाला होता, "चारी चाकांचीच घ्यायची. मग कशाला पाहिजे रस्ता? ते अर्जफाटे गुंडाळून ठेव. तुझ्या तहसीलच्या चकरांनी बेजार झालोय मी." रेणुका एवढेच म्हणाली होती, "माझ्या वाटेवर चालवून दाखवा, मग ठरवू." म्हणून शोरूमची पुनम ही चारी चाकांची गाडी घेऊन इथवर आली होती आणि आता स्टिअरिंगवर हात ठेवून नवराबायकोंपैकी कोण आधी हो म्हणते याची वाट बघत होती.

त्यांच्याआधी अण्णाच आला. लिंबाखालच्या ट्रॅक्टरला वळसा घालून तो खिडकीशी वाकला.

"जाऊ द्या की दाजी. कोन अडवलंय? तुमचीच वाट हाय."

गेल्या दोन दिवाळ्या ज्याने उंबऱ्यावर उभे केले नव्हते, त्याच्या तोंडी ही साखर. रेणुकाला ती कडू लागली, पण कडू का लागली ते उमगले नाही. मागे वहिनी ओले हात पदराला पुसत वाटेलगतच्या घरातून बाहेर आली. तिने कमरेचा मोबाइल काढला.

पुनमने पडद्यावर बोट टेकवले. गाडी किंचित कूस बदलल्यासारखी हलली आणि आवाज न करता चिखलात शिरली. एकदा मागचे चाक घसरले, तेवढ्यात पुढच्याने ओढून घेतले. काळ्या चिखलाचे फटकारे खिडक्यांवर बसले. अण्णा, वहिनी, ट्रॅक्टर, सगळे त्या डागांआड गेले.

"बघ," उमाशंकर म्हणाला. "ना अर्ज, ना साहेब. याला म्हणतात गाडी."

खोटे कशाला बोला, रेणुकालाही बरे वाटले. आता अण्णाच्या अंगणापुढे थांबायला नको, टोमणे ऐकायला नकोत. जायचे आणि यायचे. गाडी बांधाशी थांबली, तेव्हा तिच्या चपलेला चिखलाचा ठिपकासुद्धा लागला नव्हता.

तिचे शेत बटईने करणारी केवळाबाई हरभरा उपटत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पण पुढे आली नाही.

"आलात? बरं झालं. पाय बी भिजला न्हाई."

"कशीयेस केवळाबाई?"

"आमी कशाचं कसं असताव? तुमचं मातर जमलं म्हना. काचात बसून याचं, काचात बसून जाचं." तिने गाडीकडे हनुवटी केली. "हरबऱ्याचे कट्टे ह्याच्यात न्याचे का आता?"

"गाडी काय मालवाहू आहे काय?" उमाशंकर म्हणाला.

"मंग माझ्या डोस्क्यावरच की. सून परवा ह्याच चिखलात पडली. पाय मुरगळून बाजंवर हाय. तिला बसवा म्हनलं तर बसवताल का, तेबी इचारून ठिवते."

उमाशंकरने मान फिरवली. केवळाबाईने त्याच्याकडे बघून घेतले आणि मग रेणुकाशी, आवाज न चढवता म्हणाली, "अन् तुमच्या वहिनी मोबाइल धरून कामून उभ्या हायती, ते ठाव हाय का ताई? अण्णा सकाळीच पारावर सांगून राहिले होते. बहिनीची गाडी येलालीय, येऊ द्या. शूटिंग करून बुधवारी सायबाला दाखवताव. रस्ता न्हाई म्हनती, अन् गाडी तर सुळकन गेली. अर्ज फेकूनच देतेत म्हने."

रेणुकाने मागे वळून पांदणीकडे बघितले. मग तिने विचारले, "आपण येणार हे अण्णाला कुणी सांगितलं?"

केवळाबाई पुन्हा हरभऱ्याकडे वाकली. "दाजीचा फोन आला होता म्हने."

"हो, केला मी फोन," उमाशंकर म्हणाला. "चोरी आहे का? गाडी बघितली की त्याचाही हट्ट उतरतोय अन् तुझाही, म्हणून केला. तुला रस्ता पाहिजे का भांडण पाहिजे, तेच कळेना झालंय मला."

"रस्ता पाहिजे."

"मग आलीस की आत्ता रस्त्यानं."

"मी आले," रेणुका म्हणाली. तिने केवळाबाईच्या बांधावर ठेवलेल्या चुंबळीकडे बघितले. उमाशंकरला तिचे ओरडणे चालले असते, हे गप्प बसणे त्याला लग्नापासून सोसवत नव्हते.

ती पुनमच्या खिडकीशी गेली. "पुढची मोटार बंद करता येते का हो?"

"येते मॅडम. हायवेला बॅटरी वाचावी म्हणून तशी सोय आहे. पण इथं नका करू, रुतंल."

"मागच्या चाकांची जी गाडी तुम्ही विकता, ती मग अशीच चालंल ना?"

"हो, जवळपास अशीच."

"मला ती घ्यायची आहे. ती या वाटेवर कशी चालते, ते बघायला नको?"

पुनमने उमाशंकरकडे पाहिले. "मॅडम, शोरूमची गाडी आहे. मला बोलणी बसतील."

"रुतली तर काढून, धुऊन मी देईन. तुमच्या साहेबांना माझं नाव सांगा. मीच सांगितलं म्हणून सांगा."

"डोकं फिरलंय हिचं," उमाशंकर गाडीत बसत म्हणाला. "सोमवार करते, गुरुवार करते, अन् अंगात हे असलं विष. सख्ख्या भावावर डाव टाकायला निघाली."

"डाव नाही. त्याला सांगूनच करणार आहे," रेणुका म्हणाली आणि दार लावून घेतले.

पांदणीच्या मध्यावर, अण्णाचा पाइप जिथे ओकत होता तिथे, तिने गाडी थांबवायला लावली. काच खाली केली. वहिनीचा हात मोबाइलसकट वरच होता.

"अण्णा, आता पुढची मोटार बंद करतो आहोत. नुसती मागची चाकं. वहिनी, नीट घ्या."

अण्णाला बोलायला सवड मिळायच्या आत चाके फिरली. आधी चिखल उडाला, मग वास आला, मग गाडी म्हैस डबक्यात बसावी तशी मागच्या अंगाने खाली बसली. पुनमने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती आणखी खोल गेली.

"आत्ता तर गेली होती," अण्णा म्हणाला. गोडवा सगळा उतरला होता. "मुद्दाम रुतवलीस."

"मुद्दाम पाणी आहे अण्णा. गाडी फक्त साधी केली."

"लई शानी झालीस."

"गावात कुणाच्या बैलगाडीला पुढं मोटार आहे, ते सांग."

वहिनीने हळूच विचारले, "बंद करू का वो?"

"कर की, इचारतीस काय," अण्णा तिच्यावरच उखडला.

"नका बंद करू वहिनी," रेणुका दार उघडून उतरली. पाय घोट्यापर्यंत चिखलात गेले. "साहेबांना दोन्ही दाखवा. जातानाचंही अन् हेही."

वहिनीने मोबाइल पदराखाली घातला. अण्णाने खिशावर हात मारला. आत किल्ल्या वाजल्या. "ट्रॅक्टर मिळनार न्हाई, सांगून ठिवतो. बस इथंच बुधवारपत्तुर."

"मागितला कुणी?"

पुनम खिडकीतून कुजबुजली, "मॅडम, पुढची चालू करते. एका झटक्यात निघंल. त्यांनी शूटिंग बंद केलंय."

"शूटिंगसाठी नाही केलं ते," रेणुका म्हणाली.

मागून केवळाबाई तुराट्यांचा भारा डोक्यावर घेऊन आली. तो चाकाशी टाकत ती म्हणाली, "हौस दांडगी हाय तुमची." मग तिनेच वाकून तुराट्या मोडायला घेतल्या. रेणुकाही वाकली. एक मोडायची, चाकाखाली कोंबायची, दुसरी घ्यायची. बोटे सोलली. गाडीत बसून राहिलेल्या उमाशंकरला पुनमने, वजन कमी करायला उतरा म्हणून, दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा ती सर म्हणाली नाही. तो उतरला. आपले पांढरे बूट चिखलात जाताना बघत त्याने सासरच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला आणि खांदा लावला.

गाडी निघाली तेव्हा वाटेत दोन चर राहिले. पाइपचे पाणी हळूहळू त्यांत उतरत होते. केवळाबाईने पायाने एक चर बुजवायला घेतला.

"राहू दे," रेणुका म्हणाली.

अण्णाच्या अंगणात हौद भरून वाहत होता. चिखलाचे पाय घेऊन रेणुका नकळत तिकडे वळली. लहानपणापासूनचे वळण, ते पायांत होते, डोक्यात नव्हते.

"हौदाकडं नको," अण्णा म्हणाला. "ते पानी आमच्या हिश्श्यातलं हाय."

वहिनीने त्याच्याकडे बघितले. रेणुका थांबली. तिने मान हलवली, हिशेब पटल्यासारखी, आणि सडकेवर उभ्या गाडीकडे परत आली.

"मॅडम, मग कुठली लिहू?" पुनमने विचारले.

"मागच्या चाकांची."

उमाशंकर म्हणाला, "त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही."

"बरं," ती म्हणाली.

तिने पर्समधली पाण्याची बाटली काढली आणि सडकेच्या कडेला, घराकडे पाठ करून बसली. काळी माती चिवट, बोटांच्या बेचक्यांत बसलेली. घासून घासून एक पाय धुऊन होईतो बाटली संपली. तिने ती उलटी करून झटकली. मग पदर सावरून उठली आणि एक पाय धुतलेला, एक तसाच, अशी गाडीत बसली. नांदेड येईपर्यंत त्या पायावरची माती वाळली, पांढुरकी झाली, आणि तिने हात न लावता खपल्याखपल्यांनी आपोआप गळून गेली.