त्रेसष्ट अंडी आणि एक हाड

सॉलोमन याफ्टा पोस्टमास्तरकीतून निवृत्त झाला आणि चौथ्याच आठवड्यात त्याला डायनासोरचं पहिलं अंडं सापडलं. कोट्यवधी वर्षं बिचारं वाट बघत पडलं होतं. सॉलोमनला पेन्शन लागेपर्यंत ते कोणाच्या नजरेस पडलं नाही. त्याने ते आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, लेना जिथे पावाचं पीठ मळत होती तिथेच.

"हे काय?" लेनाने विचारलं.

"अंडं."

"उकडायचंय की तळायचंय?"

क्लिपवाल हे कारू नावाच्या उजाड माळावरचं गाव. तिथे पाण्याची टंचाई, डॉक्टरची टंचाई, लग्नाच्या मुलींची टंचाई. दगडांची मात्र कधीच नाही. सहा वर्षांत अंडी त्रेसष्ट झाली. व्हरांड्यात फळ्या ठोकून सॉलोमनने ती ओळीने मांडली. प्रत्येकाखाली चिठ्ठी: क्रमांक, तारीख, वेळ, कुठल्या कुंपणापासून किती पावलं, आणि वर ठसठशीत शिक्का. पोस्ट सुटलं होतं, शिक्का मारायचा हात सुटला नव्हता. नाकारलेले दगडसुद्धा वहीत चढत. पुढे शेरा असे: 'सामान्य. बाद.'

ओळखायची पद्धत सोपी होती. खरं जुनं हाड जिभेला चिकटतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून तो माळावर दगड चाटत फिरे. जो दगड त्याला आवडे तो हमखास चिकटे. शेजारीपाजारी कोड्यात पाडणारे दगड घेऊन त्याच्याकडे येत, आणि सॉलोमन एका चाटण्यात निकाल देई. असा आत्मविश्वास लेनाने फक्त नव्या डॉक्टरांत पाहिला होता. एकतीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात नर्स होती.

दोन वर्षांपूर्वी त्याने म्हाताऱ्या विंडफोगेलच्या शेळ्यांच्या वाड्यातून तळहाताएवढा एक तुकडा आणला. करडा, जांभळट, लेंड्यांनी माखलेला. दिसायला अंड्यासारखा नाही, कशासारखाच नाही. सॉलोमनने तो नाकाजवळ नेला आणि लगेच लांब धरला.

"बाद," तो म्हणाला.

"चाटून तरी बघ," लेना म्हणाली.

"विज्ञानालाही काही मर्यादा असतात, लेना."

वहीत नोंद झाली आणि तुकडा फुलांच्या वाफ्यात भिरकावला गेला. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना लेनाने तो उचलला, नळाखाली धुतला आणि तुटलेली कड उन्हात धरली. बाहेर घट्ट साल, आत स्पंजासारखी बारीक जाळी. गाढवावरून पडलेले, मोटरसायकलवरून पडलेले, दारूच्या गुत्त्यातून घरी जाताना पडलेले, असे एकतीस वर्षांचे मोडके पाय तिच्या डोळ्यांपुढून गेले. ते हाड होतं. त्यात शंकेला जागाच नव्हती.

काहीच न सापडता या माणसाने व्हरांडा व्यापला होता; काही सापडलं तर तिला बहिणीकडे राहायला जावं लागलं असतं. तिने तुकडा जुन्या एप्रनमध्ये गुंडाळला, चादरींच्या कप्प्यात ठेवला, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

सॉलोमन इकडे शहरातल्या एका संग्रहालयाला पत्रं लिहीत होता. एकोणीस लिहिली, फोटोंसकट, रजिस्टर्ड. उत्तरं सभ्य होती आणि एकसारखी होती. विसावं पत्र गेल्यावर संग्रहालयाने कंटाळून आपल्या जीवाश्मतज्ज्ञ डॉ. झोलेका म्पाफी यांना पाठवलं. नाहीतरी त्या पलीकडच्या एका शेतावर निघाल्याच होत्या.

सॉलोमनने चर्चला घालायचा कोट घातला. लेनाने निखाऱ्यांवर पाव भाजले. झोलेका पस्तिशीची, उन्हाने टोपीचा रंग उडालेली. तिने चहा संपवला, खिशातून भिंग काढलं आणि पहिल्या अंड्यापासून सुरुवात केली.

"ऊम सॉलोमन," काकाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "हा चिखलाचा गोळा आहे. आत चुना साठून घट्ट झालेला."

"आणि दोन नंबर?"

"तोही."

विसाव्या अंड्यापर्यंत सॉलोमन वाद घालत होता. चाळिसाव्यापर्यंत नुसताच क्रमांक सांगत होता. साठाव्यानंतर तो नुसती चिठ्ठी पुढे सरकवत होता.

"मुळात इथला खडक डायनासोरांच्या आधीचा आहे," झोलेका हळूच म्हणाली. "अंडी घालायला ते जन्मायला तरी हवे होते ना. पण एक चांगली गोष्ट आहे. आपल्या कायद्याने परवान्याशिवाय जीवाश्म उचलणं गुन्हा आहे. तुम्ही त्रेसष्ट दगड उचललेत आणि एकही गुन्हा केलेला नाही."

हे सांत्वन आहे असं तिला खरंच वाटत होतं.

सॉलोमनने कोटाचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं. "बरं झालं," तो म्हणाला. "कळलं तरी." आणि त्याने पाहुणीला आणखी एक पाव वाढला, जॅम लावून, कडेपर्यंत.

लेनाने सहा वर्षं याच क्षणाची वाट पाहिली होती. आता तिला हसू यायला हवं होतं. ते काही येईना. ती उठली, आत गेली आणि एप्रनची गुंडाळी आणून टेबलावर सोडली.

झोलेकाने भिंग लावलं. मग भिंग ठेवून तुकडा जिभेला लावला. मग खुर्ची मागे ढकलून उभी राहिली.

"लेना टानी," काकूला म्हणावं तसं ती म्हणाली, "हे कुठलं?"

"याने आणलेलं. दोन वर्षं झाली."

"हाड आहे हे! जबड्याचा तुकडा आहे. आता मात्र गुन्हा झाला हं तुमचा." ती हसत होती. "तुम्हीच कळवलं असं मी लिहीन. पण जागा? जागा आठवते?"

सॉलोमन हाडाकडे बघत नव्हता. तो एप्रनकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"दोन वर्षं?"

"मी नर्स आहे, सॉलोमन. हाड कळतं मला."

"दोन वर्षं मी पत्रं लिहितोय. तिकिटं तू चिकटवत होतीस."

सॉलोमन उठला, वही घेऊन आला, पान उघडून झोलेकापुढे ठेवलं. विंडफोगेलचा वाडा, दक्षिणेच्या फाटकापासून चौतीस पावलं, नाल्याची डावी कड, सकाळी सव्वासात. सामान्य. बाद.

झोलेकाने पान दोनदा वाचलं. "माझे विद्यार्थी असं लिहीत नाहीत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विंडफोगेलची परवानगी घेऊन तिघं वाड्यावर गेली. सॉलोमन पुढे पावलं मोजत चालला. लेनाशी तो रात्रीपासून बोलला नव्हता. चौतिसाव्या पावलाला तो थांबला, गुडघ्यांवर बसला आणि हाताने लेंड्या बाजूला करू लागला. खाली खडकात मणके दिसले, एकामागे एक, अकरा. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी, झोलेका सांगत होती. डुकराएवढा, कासवासारखी चोच, दोन सुळे.

सॉलोमनने एकेका मणक्यावरची माती फुंकली. मग मान न वळवता म्हणाला, "लेना, इकडे ये. हा सहावा मोडून जुळलाय का?"

ती त्याच्या शेजारी बसली. तिने मणक्यावरून बोट फिरवलं. "जुळलाय. पण वाकडा. कुणी नीट बसवला नाही."

"तू नव्हतीस ना तिथे," सॉलोमन म्हणाला. टोमणा होता. पण रात्रीपासून तो तिच्याशी पहिल्यांदाच धड बोलत होता, म्हणून लेनाने तो ऐकून घेतला.

पुढच्या महिन्यात परवाना आला आणि खोदकाम तीन आठवडे चाललं. सॉलोमन रोज जाई, ब्रश मारी, आणि संग्रहालयाच्या पोरांना नोंदी कशा लिहायच्या यावर न मागितलेली व्याख्यानं देई. लेना बारा वाजता मटण-पाव घेऊन जाई आणि संध्याकाळपर्यंत परतत नसे.

शेवटच्या दिवशी प्लास्टरमध्ये गुंडाळलेल्या हाडांची पेटी गाडीत चढली. झोलेकाने दार लावलं, तसा सॉलोमन चाकासमोर उभा राहिला.

"पावती," तो म्हणाला.

"ऊम, हा सरकारी ऐवज आहे..."

"सरकारचीच चाळीस वर्षं नोकरी केली मी. पावतीशिवाय पार्सल हलत नाही."

तिने गाडीच्या टपावर कागद ठेवून पावती लिहिली. 'शोधणाऱ्याचं नाव' इथे ती थांबली.

"लेना याफ्टा," सॉलोमनने सांगितलं. "ओळखलं तिने. त्याखाली माझं लिहा. आणि कंसात लिहा, तिने दोन वर्षं लपवलं."

"कंसातलं नाही लिहिता येणार, ऊम."

"मग मी तोंडी सांगत जाईन," सॉलोमन म्हणाला, स्पेलिंग तपासलं आणि चाकासमोरून बाजूला झाला.