बाजूला बसणारी

“मेस्त्रीनू, सळी अडाकली! फुडे जायना!”

भिकाजीचा आवाज होडीच्या पोटातून आला तेव्हा दाजी मेस्त्री बाहेर वाळूत, होडीच्या मागच्या टोकाशी उकिडवे बसले होते. त्यांनी समोरच्या भोकात बोट घातलं, मग डोळा लावला. आरपार उजेड दिसायला हवा होता. दिसत होता फक्त अंधार, आणि त्याच्या वरच्या कडेला नखाएवढा उजेड.

भिकाजीच्या जुन्या होडीला पहिल्यांदाच इंजिन बसायचं होतं. इंजिन आत, पंखा बाहेर पाण्यात, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट मागच्या जाड आईनाच्या लाकडातून उतरता जाणार. त्या शाफ्टचं भोक म्हणजे हाताएवढं लांब बीळच. अर्धं बाहेरून पाडायचं, अर्धं आतून, आणि मध्ये दोघांची गाठ पडायची. दाजींच्या हातून अशी गाठ चुकल्याचं सर्जेकोटात कोणी पाहिलं नव्हतं. आज चुकली. बाहेरचं भोक खाली उतरलं होतं.

भिकाजी बाहेर आला. त्यानेही भोकात डोळा लावला. किनाऱ्यावर अशा वेळी माणसं कुठून जमतात देव जाणे. जाळी विणणारे, आईस्क्रीमवाला, दोन निवृत्त मास्तर, सगळे एकामागून एक डोळा लावून गेले. हॉस्पिटलात पेशंट बघायला गेल्यासारखे.

“मेस्त्रीनू, हात गेलो काय तुमचो?” भिकाजी चिडून बोलला. त्याचं काही चुकलं नव्हतं. मागचं लाकूड फुकट गेलं तर होडीच खोलावी लागणार, आणि दर्यावर जायला मिळणारे पावसाआधीचे थोडेच दिवस उरले होते.

“व्हय रे,” दाजी म्हणाले. “माजोच हात चुकलो.”

शेजारच्या फळकुटावर जानकी बसली होती. 

जानकी म्हणजे दाजींची बायको, आणि त्यांच्या धंद्यातला अर्धा वाटा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. गिरमिट मागून दाबत फिरवणाऱ्या माणसाला ते डावीउजवीकडे कलतंय का ते दिसतं. वर-खाली कलतंय का ते दिसत नाही. ते फक्त बाजूला बसलेल्याला दिसतं. म्हणून शाफ्ट जसा उतरता जायचा तसाच एक दोरा दाजी दोन खुंट्यांना ताणून गिरमिटाच्या वरून बांधायचे, आणि बाजूला जानकी बसायची. “मूठ वयर,” ती म्हणायची. “इल्ली खाल. बस.” तिने ‘बस’ म्हटलं की मूठ तिथेच. लोक दाजींना चिडवायचे, की मेस्त्र्यांचे हात तेवढे त्यांचे, डोळे बायकोकडे गहाण. दाजी हसायचे. गहाण टाकलेल्या वस्तूचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तसे दाजी स्वतः अवजारांचे मोठे शौकीन. जुन्याला चिकटून बसलेला मेस्त्री नव्हे. फळ्यांच्या बोल्टांना विजेचं ड्रिल, स्क्रूची डोकी लाकडात बुडवायला कोनाचं बिट, कपाटाच्या बिजागरीची वाटी कोरतात ते रुंद तोंडाचं बिट, सगळं त्यांच्याकडे होतं. गोव्याला गेले की हार्डवेअरच्या दुकानात अर्धा दिवस काढायचे. पण शाफ्टला मात्र हातानं फिरवायचं लांब गिरमिट, आणि तेही बोडकं. बाजारातल्या गिरमिटाच्या टोकाला मळसूत्र असतं. ते लाकडाला आपणहून ओढत नेतं, आखूड भोकाला बरं. लांब भोकात ते लाकडाच्या नसेमागे जातं आणि भलतीकडे निघतं. म्हणून दाजींनी ते टोक घासून काढून टाकलं होतं. आधी रुंद बिटानं लाकडात एक खळगा कोरायचा, त्यात हे बोडकं टोक बसवायचं, आणि मग सावकाश. थोडं फिरवलं की बाहेर काढून भुसा झाडायचा, नाहीतर भुसा आत गच्च बसतो आणि गिरमिट तापतं. बोडकं गिरमिट स्वतःच्या मनानं कुठे जात नाही. नेणारा नेईल तिकडे जातं.

त्या दिवशी नेणाऱ्यानं ते चुकीच्या ठिकाणी नेलं होतं.

घरी परतताना जानकीच्या सोबतीला प्रेमलता होती; सकाळपासून तीही किनाऱ्यावर होती. प्रेमलता भिकाजीची भावजय, मालवणच्या बाजारात मासे विकणारी. तिच्या आवाजानं पापलेटसुद्धा पाटीतच दबून राहतं असं आम्ही म्हणत असू. पण जानकीच्या बाबतीत ती थंडीच्या दिवसांपासून गप्प होती. तिनेच तिला कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाला. औषधानं उरलेलं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. “ह्येंका सांगू नको,” जानकीनं तिला शपथ घातली होती.

वाटेत प्रेमलतेनं एकच गोष्ट सांगितली.

“काकी, मेस्त्र्यांनी आज मुठीखाल टेकू लावलोलो. खांदो दुकता त्यांचो.”

जानकी थांबली. मग चालू लागली.

गिरमिट वीतभर आत गेलं की दाजींचे हात दमायचे आणि मूठ खाली यायची. दर होडीला, नेमकं तेव्हाच. तेव्हा जानकी म्हणायची, “मूठ वयर.” आज तिला ना दोरा दिसत होता ना मूठ. भुशाचा वास, दाजींचा श्वास आणि इतक्या वर्षांची सवय, एवढ्यावर ती बसली होती. वीतभर गेलं असेल असं वाटल्यावर ती सवयीनं म्हणाली, “मूठ वयर.” आणि मूठ तर टेकूवर अगदी बरोबर होती. ती उचलली म्हणून गिरमिटाचं टोक खाली गेलं.

चुलीवर आमटी उकळत होती. दाजी ओट्यावर बसून गिरमिटाला तेल लावत होते. जानकी दारात आली.

“मुठीखाल टेकू होतो?”

दाजींचा हात थांबला. “होतो.”

“माका कित्या सांगूक नाय?”

“सगळ्यांका दिसत होतो गो,” दाजी बोलून गेले.

बोलल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. जानकीच्या चेहऱ्याकडे त्यांना बघवेना. भातात खडे लागू लागले तेव्हापासून त्यांना सगळं ठाऊक होतं. सुईत दोरा ओवायला ती शेजारी जाते, उंबरठ्याशी पाय चाचपते, हे त्यांनी पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं. तिने लपवलं म्हणून यांनी लपवलं. दोघं मिळून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती.

“मगे मी ‘मूठ वयर’ म्हटलंय तेव्हा गप ऱ्हवाचा होता,” जानकी म्हणाली. “टेकवार मूठ बरोबर आसा ह्या तुमका म्हायत होता.”

“तू सांगलंस.”

“चुकीचा सांगलंय तरी?”

“मूठ हलवूक नसती तर अख्ख्या वेळेवर कळला असता.” वेळ म्हणजे आमच्याकडे समुद्रकिनारा. “लोक म्हणाले असते, जानकेक दिसणा नाय.”

“आता लोक म्हणतत, मेस्त्र्यांचो हात गेलो.”

“म्हणांदेत.”

“म्हणांदेत काय? तुमचो हात गेलो म्हटल्यार उद्या होडी कोण देतलो तुमका?” तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. एवढ्या वर्षांच्या संसारात ती नवऱ्यावर इतकी कधी रागावली नव्हती, आणि ज्या कारणासाठी रागावली होती त्याच कारणासाठी तिला त्याचे पाय धरावेसे वाटत होते. ती आत जाऊन आमटीपाशी बसली. त्या रात्री आमटी खारट झाली होती, पण दाजी मुकाट्यानं जेवले.

दुसऱ्या दिवशी दाजींनी भिकाजीला समजावलं, लाकूड वाया गेलेलं नाही. मात्र आहे त्याच भोकात गिरमिट घालून ते सरळ करता येत नाही. गिरमिटाला मध्ये धरायला भरीव लाकूड लागतं, ते नसलं की ते जुन्याच वाटेनं घसरतं. म्हणून त्यांनी आईनाचीच एक गोल खुंटी तासली, दोन डब्यांतलं मिसळून लावायचं गम तिला चोपडलं आणि चुकलेल्या भोकात ठोकून बसवली. गम पुरतं वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. ते दिवस भिकाजीने होडीभोवती फेऱ्या मारण्यात घालवले आणि किनाऱ्याने दाजींच्या हातावर चर्चा करण्यात. कुणी म्हणालं थरथरतो, कुणी म्हणालं वयच झालं. एकानं तर मालवणातल्या दुसऱ्या मेस्त्र्याचं नावही सुचवलं. दाजी ते सगळं ऐकून घेत होते.

खुंटी वाळली. सकाळी दाजींनी दोरा ताणला, रुंद बिटानं खुंटीच्या मधोमध खळगा कोरला, टेकू रोवला आणि फळकूट झटकून बाजूला ठेवलं.

“बस गो,” ते नेहमीसारखे म्हणाले.

जानकी बसली नाही. पदर कमरेला खोचून ती भिकाजीच्या दिशेनं वळली. नेमका तो कुठे उभा आहे हे तिला कळत नसावं, कारण ती थोडी त्याच्या बाजूला बघून बोलत होती.

“भिकाजी, मेस्त्र्यांचो हात चुकूक नाय. माका दिसणा नाय. मूठ टेकवार बरोबर होती, मीच वयर घेऊक सांगलंय. त्यांनी माजा आयकल्यानी, इतकोच त्यांचो गुन्हो.”

 दुसऱ्या मेस्त्र्याचं नाव सुचवणारा आपल्या जाळ्याकडे निघून गेला. भिकाजी मान खाली घालून पायानं वाळू उकरत राहिला. “काकी,” तो म्हणाला, “मी रागान बोललंय.” 

दाजींचा चेहरा मात्र पडला होता. इतके दिवस जे झाकायला त्यांनी स्वतःचं नाव वाळूत टाकलं होतं, ते तिने उघड्यावर आणून ठेवलं होतं. त्यांना राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त काहीतरी वाटलं, ज्यासाठी ते तोंड फिरवून गिरमिट पुसत बसले.

“प्रेमलता,” जानकीनं हाक मारली. “हयसर बस.”

“मी? माका काय कळता त्यातला?”

“बांगड्याचो डोळो बघून ताजो शिळो सांगतंस मां? मगे बस.” तिने प्रेमलतेला खांद्याला धरून फळकुटावर बसवलं आणि तिच्या मागे वाकली. “दोऱ्याक बघू नको. गिरमिटाक बघू नको. दोघांच्या मधलो उजेड बघ. लाकडाच्या बाजूक जितको, मुठीच्या बाजूक तितकोच होयो. मुठीकडे उजेड कमी झालो, ‘खाल’ सांग. वाडलो, ‘वयर’ सांग. सारको झालो, ‘बस’. दुसरा कायएक बोलू नको.”

“आणि चुकला तर?”

“चुकलंस तर चुकलंस. गप मात्र ऱ्हवू नको.”

दाजींनी बोडकं टोक खळग्यात बसवलं. गिरमिट फिरू लागलं. खुंटीचा पिवळट भुसा वाळूवर पडू लागला. दाजी थांबून बाहेर काढत, झाडत, पुन्हा घालत. टेकू पुढे सरकवला. वीतभर आत गेलं.

“खाल,” प्रेमलता म्हणाली. बाजारातला तो आवाज आज उगाच लहान झाला होता.

गिरमिट थांबलं. पण मूठ हलली नाही. दाजी दोन्ही हातांनी ती धरून तसेच उभे होते, पुढच्या लाकडाकडे बघत, आणखी कोणीतरी बोलेल याची वाट बघितल्यासारखे.

“मूठ इल्ली खाल, मेस्त्रीनू,” प्रेमलता पुन्हा म्हणाली आणि घाबरून मागे जानकीकडे बघू लागली.

जानकी होडीच्या सावलीत उभी होती. तिने लाकडावर हात टेकला.

“तिचा आयका,” ती दाजींना म्हणाली. “आता तिचा आयकाचा.”

दाजींनी मूठ खाली घेतली.

“बस,” प्रेमलता म्हणाली. त्यानंतर बराच वेळ फक्त तीच बोलत होती.