चेन कुणाच्या नजरेनं उतरते?

गुरुवार उजाडला की मोरदऱ्याच्या चढावर मोटारसायकलींची रांग थेट ओढ्यापर्यंत लागायची. कुणाच्या गाडीला दुधाच्या किटल्या, कुणाच्या मागं टोमॅटोचे क्रेट, कुणाच्या मागं सासरी निघालेली लेक. माथ्यावर पिंपळाखाली साखळीबाबा बसलेले असत. त्यांच्या गळ्यात रुद्राक्षांची माळ नव्हती. शेंदूर फासलेली मोटारसायकलची जुनी चेन होती.

"चाक म्हंजे संसार!" बाबा गरजायचे. "साखळी म्हंजे माया! मायेवर नजर बसली की साखळी काय करती?"

"रुसती!" रांगेतून जोरात उत्तर यायचं.

"अन् रुसलेल्या साखळीची समजूत कोण घालतं?"

"साखळीबाबा!"

मग नंबर लागलेली गाडी मोठ्या स्टँडवर उभी राही. मागच्या चाकावर लाल पातळ टाकलं जाई. बाबांचा शिष्य पप्पू त्या पातळात डोकं खुपसून 'चाक धरून' बसे. हलगी अशी कडाडे की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. आरती संपली की चेनकव्हरचं रबरी बूच काढून बाबा तेलात कालवलेला अंगारा आत सोडत. आणि खरंच सांगायचं तर येताना खडखडणारी गाडी जाताना गुमान जाई. लोक हात जोडत. काही दिवसांनी तीच गाडी पुन्हा खडखडे आणि पुन्हा रांगेत येई. भक्ती वाढत होती ती अशी.

बोरी बुद्रुकच्या पलीकडची ही वस्ती. साल दोन हजार तीन. घरटी मोटारसायकल आली होती आणि दूध, भाजी, पोरंबाळं, सगळा भार तिच्यावरच पडला होता. गाव सोडताना आधी चिखलाचा ओढा, मग वळण, मग एकदम उभा चढ. पहिल्या गिअरात गाडी चढाला लागली की 'कट-कट-कट' आवाज व्हायचा आणि चेन दात सोडायची. नेमकी त्याच जागी. आणि त्या जागी रस्त्याला लागून एकच घर होतं, चिमाबाईचं.

चिमाबाई ही खालच्या वस्तीतल्या शीलाची सासू. तोंडानं फटकळ. शीलाचं नि तिचं एका चुलीवर कधी जमलं नाही. म्हणून शीला नि तिचा नवरा, म्हातारीचा लेक भिमाजी, खाली राहत, म्हातारी चढावर. चिमाबाई दिवसभर ओट्यावर बसून येणारा-जाणारा न्याहाळायची आणि बोलायची. "काय रं, एवढं क्रेट? गाडी हाये का गाढव?" पोरं हसून पुढं जात. साखळीबाबा येईपर्यंत त्यात कुणाला वावगं दिसलं नव्हतं.

बाबांना चिमाबाईच्या घराशेजारचा कोपरा मठासाठी हवा होता. चिमाबाईनं सांगितलं, "माझ्या नवऱ्याची जागा हाये. देवाला दिली असती, तुला न्हाई." पुढच्या गुरुवारी बाबांच्या अंगात आलं आणि त्यांचं बोट सरळ तिच्या ओट्याकडं गेलं. "साखळी खानारी नजर तिथं बसलीय!"

एवढ्या बोलण्यावर गाव फिरलं. गाड्या तिच्या दारापुढनं जाताना मागं बसलेल्या बाया तोंडावर पदर घेऊ लागल्या. कुणी तिच्या दारात लिंबं टाकली. एका पोरानं भिरकावलेला दगड तिच्या कपाळाला लागला. शेवटी पंचांनी, म्हणजे सावळारामतात्यांनी, पिंपळाखाली निवाडा दिला, "सर्वपित्रीच्या आत चिमाबाईनं घर सोडावं. लेकाकडं जावं नायतर भावाकडं. गावाच्या गाड्यांचा प्रश्न हाये." जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. शीलानं पाहिलं, त्या मानांत भिमाजीचीही मान होती.

घरी आल्यावर तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं आदळला.

"आवं, सख्खी आई हाये ती तुमची!"

"मला का कळत न्हाई? पण तू सांग, जुनी चेन उतरत व्हती ते ठीक. मी आठवड्यामागं कोरी चेन टाकली. कोरी! तरी तिथंच उतरली. तिच्या दारातच. आता चेनचा दोष म्हनू का आईचा?"

भिमाजीचा हा प्रश्न सगळ्या गावाचा प्रश्न होता आणि बाबांचा सगळा डोलारा त्यावरच उभा होता. नवी चेनसुद्धा उतरते म्हणजे दोष चेनचा नाहीच, नजरेचाच. सासूशी आपलं पटत नाही हे तिला ठाऊक होतं. पण न पटणं निराळं आणि माणसाला दगड मारून घराबाहेर काढणं निराळं. रात्रभर तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. कोरी चेन का उतरावी?

रविवारी जुन्नरचा बाजार. भिमाजी कांद्याच्या बियाण्यात अडकला तेव्हा शीला त्याची काढून ठेवलेली जुनी चेन पिशवीत घालून राजमहंमदच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेली. राजमहंमद माल आणायला गेला होता. गल्ल्यावर त्याची बायको कमरजहाँ बसली होती.

"भाभी, कोरी चेन उतरते. कशानं?"

"चकत्या बदलल्या का?"

"कसल्या चकत्या?"

कमरजहाँनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! तुमच्या तिकडचे समदे गिऱ्हाईक असेच. नुसती चेन द्या म्हनतात. चेन अन् दोन्ही चकत्या, पुरा सेट घ्या म्हटलं तर आमचे साहेब लुटतात असं वाटतं. बसवली कुठं?"

"ओढ्यापाशी. कव्हर न काढताच. जुन्या चेनच्या टोकाला नवी जोडली आन् ओढून घेतली."

"अन् आतले दात कुनी बघितलेच नाय!"

तिनं शीलानं आणलेली चेन आणि दुकानातली नवी चेन दोन्ही हातांनी आडव्या धरल्या. नवी काठीसारखी सरळ राहिली. जुनी मधोमध अशी लोंबली की जणू सुतळीच. "बघा. आतल्या पिना-बुशा झिजल्या की चेन लांब होते. लांब चेन दातात बसत नाय, दातावर चढते. चढता चढता दातांना खाते." मग तिनं मागच्या कप्प्यातून कुणीतरी बदलून टाकलेली झिजकी दातेरी चकती काढली, जिच्यावर चेन फिरते ती. दात सरळ राहिले नव्हते, सगळे एका अंगाला वाकून विंचवाच्या नांगीसारखे टोकदार झाले होते. शेजारी नवी चकती ठेवली. सांगायची गरज उरली नाही.

"अशा दातांवर कोरी चेन टाकली तरी जोर लागला की सटकनारच," शीला स्वतःशीच म्हणाली. "अन् जोर कुठं लागतो? चढावर."

"मग काय सपाटीला लागनार?" कमरजहाँ हसली. मग जुन्या चेनवरून बोट फिरवून तिनं नाक मुरडलं. "ही राख कशाची? अहो, चेनला राख! भांडं घासताय का?"

शीलानं बोटांत ते काळं ओशट चोळून पाहिलं. करकर वाजलं. अंगारा बाबा चुलीतून आणत की ओढ्यातून, देव जाणे. निम्मी वाळूच होती. ज्या औषधानं गाव बरं होऊ पाहत होतं, तेच औषध रोज चेन घासून काढत होतं.

आता एकच कोडं राहिलं. बाबांकडून आलेली गाडी काही दिवस तरी गुमान का चालते? ते सोडवायला शीलाला कुणाला विचारावं लागलं नाही. पप्पू गुरूच्या पायाशी येण्याआधी आळेफाट्याच्या एका गॅरेजात होता, हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुवारी भिमाजी रांगेत जायला निघाला तेव्हा तिनं नखांची लाली घेऊन मागच्या चाकाच्या नटापासून शेजारच्या पत्र्यापर्यंत एक बारीक रेघ ओढली. चेन ताणायच्या दोन्ही नटांवरही ओढली.

"हे काय?"

"तुमी जाऊन या. मग बोलू."

भिमाजी अंगारा घेऊन परतला. शीलानं त्याला चाकापाशी बसवलं. नटावरची रेघ एकीकडं, पत्र्यावरची दुसरीकडं. तिन्ही ठिकाणी. बराच वेळ तो वाकून बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "चेन ताणली. पातळाखाली पान्यानं चेन ताणली, म्हनून चार दिवस खडखडत न्हाई. अन् मी आईकडं बोट दाखवलं."

"रडू नका," शीला म्हणाली. "उद्या जुन्नरला जाऊन पुरा सेट टाकून या. कव्हर उघडून. अन् राख पुसून."

सर्वपित्रीला पिंपळाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. चिमाबाईची ट्रंक नि दोन पातेली कुणीतरी आधीच ओट्यावर काढून ठेवली होती. म्हातारी दारात ताठ उभी होती, कपाळावर पट्टी. बाबांनी निवाड्याच्या पूजेचा मान सावळारामतात्यांच्या गाडीला दिला. पातळ पडलं, हलगी कडाडली, पप्पू आत शिरला, आरती झाली, अंगारा गेला.

"जय साखळीबाबा!" लोक ओरडले.

"थांबा," शीला पुढं झाली. "तात्या, तुमच्या चाकापाशी जरा वाका. सकाळी तुमच्या अक्षदानं नटावर लाल रेघ ओढलीय. सरळ. आता बघा कशी हाये ती."

तात्यांची सून अक्षदा बायकांत उभी होती. तिनं सासऱ्याच्या नजरेला नजर दिली, खाली बघितलं नाही. तात्या वाकले. चष्मा लावून पुन्हा वाकले.

"तुटलीय," ते म्हणाले.

"नट फिरल्याबिगर तुटंल का?"

"देवाचा हात फिरला!" बाबा मधेच ओरडले.

"देवाच्या हातात सतरा नंबरचा पाना असतो का, बाबा? बरं, असंल. मग आता पातळ न टाकता एक गाडी करून दाखवा."

"अगं बाई, ती साखळीची लाज हाय! उघड्यावर कशी घालायची समजूत?"

"साखळीला लाज हाये?" शीलाचा आवाज चढला. "मग माझ्या सासूला उघड्यावर वाईट नजरेची म्हनताना हे पातळ कुठं गेलं व्हतं?"

हलगीवाल्यानं गळ्यातली हलगी काढून खाली ठेवली.

शीलानं भिमाजीला खूण केली. त्यानं दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या अडकवल्या, मागं धष्टपुष्ट मेव्हणा बसवला आणि गाडी ओढ्यात नेली. "आत्या," शीला सासूला म्हणाली, "रस्त्याच्या मधोमध उभ्या रहा. पापनी लववू नका. जेवढं बघायचंय तेवढं बघा."

"बघते की," चिमाबाई म्हणाली. "घाबरते का काय!"

गाडी ओढ्यातून निघाली, वळणावर आली, पहिल्या गिअरात चढाला भिडली. चिमाबाई कमरेवर हात ठेवून रोखून बघत होती. कटकट झाली नाही. गाडी तिच्या पुढ्यातनं सरळ माथ्यावर आली. भिमाजीनं लगेच पान्यानं चेनकव्हर उघडलं. नवे, आखूड, सरळ दात. मग तात्यांच्या गाडीचं कव्हर उघडलं. राखेचा काळा गाळ आणि त्यात नांगीसारखे वाकलेले दात. लोक एकमेकांच्या खांद्यावरून बघू लागले. शीलानं तो गाळ चिमटीत घेऊन तात्यांच्या तळहातावर चोळला.

"करकरतंय ना? हीच वाळू रोज चेन खात व्हती. चेन झिजली, तिनं दात वाकवले. तुमी नुसती चेन बदलली, दात तसेच ठेवले. म्हनून कोरी चेनबी सटकायची. अन् सटकायची इथंच, कारन जोर इथंच लागतो. चढ इथं हाये. आत्याचं घर इथं हाये, हा चढाचा दोष न्हाई अन् घराचाबी न्हाई."

बाबांनी पप्पूकडं पाहिलं. पप्पूचा धीर सुटला. "मी सांगितलं व्हतं महाराज, राख नका टाकू, चेन खाती! तेल तेवढं टाका म्हनलो व्हतो. तुमीच म्हनले, खाल्ली तर पुन्हा येतील."

एकच गलका उठला. पोरं बाह्या सारून पुढं सरसावली. एकानं बाबांच्या गळ्यातली चेन धरली. "दे एक ठेवून!" कुणीतरी ओरडलं.

"हात काढा त्याच्यावरचा," चिमाबाई कडाडली. "फौजदाराकडं न्यायचा तर न्या. मारायचा न्हाई. मला मारलेला दगड याच्या हातातला न्हवता. निवाडा यानं दिला न्हवता. तुमी दिला व्हता. इथंच. सगळ्यांदेखत."

पोरं थबकली. बाबा त्या फटीतून निसटून खाली ओढ्याकडं चालू लागले. पप्पू त्यांच्या मागं गेला नाही.

शीला गर्दीला म्हणाली, "माझं एवढंच मागनं हाये. गाडी अडली तर आधी कव्हर उघडा. पोर आजारी पडलं तर आधी दवाखाना. पीक करपलं तर आधी मूळ उपटून बघा. कुनी सांगितलं की अमकीच्या नजरेनं झालं, तर त्याला विचारा, पातळ काढून दाखव. न्हाई दाखवलं तर समजा, आत पाना हाये."

सावळारामतात्या पुढं आले. त्यांनी स्वतः ट्रंक उचलली आणि चिमाबाईच्या घरात नेऊन ठेवली. बाहेर येऊन त्यांनी पागोटं काढलं. घसा खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "निवाडा मोडला. चुकलं आमचं. चिमाबाईच्या नजरेत काई न्हाई."

"हाये की," चिमाबाई ओट्यावर बसत म्हणाली. "लई काय काय हाये. त्या दिवशी कुनी कुनी मान हलवली, ते समदं या नजरेनं बघितलंय." तिनं गर्दीवरून सावकाश डोळे फिरवले आणि ते भिमाजीवर येऊन थांबले. भिमाजी मान खाली घालून तिच्यासमोर उभा राहिला. मग ती सुनेकडं वळली.

"तू तेवढी न्हाई हलवलीस. ये, बस इथं."