गिरणीची ढाल

युद्धानंतर गावातल्या पिठाच्या गिरणीच्या मालकाने चौघांनी मिळून वाद्यांशिवाय गायच्या स्पर्धेसाठी एक ढाल ठेवली आणि सोबत एक तिरपागडा नियमही घातला. ढाल जिंकलेल्या चौघांनी पुन्हा स्पर्धेत उतरायचं नाही. सगळ्यांना संधी मिळावी, एवढाच त्याचा हेतू. पण अमेरिकेत, ओहायोतल्या त्या भागात दुसरी स्पर्धाच नव्हती, त्यामुळे जिंकणं म्हणजे संपणंच झालं. ढालीवर नावं कोरली जायची आणि वर्षभरात ती चौकडी मोडायची.

ऑरिन प्रुएटला याचीच धास्ती होती. तो खर्ज सांभाळायचा, त्याचा जिवलग डेल्मर सगळ्यात वरचा सूर, आणि लॉफ्टिस भाऊ मधले दोन. बायको गेल्यापासून गुरुवारच्या तालमीखेरीज ऑरिनला जगात काही उरलं नव्हतं. डेल्मरला मात्र ढालीचं वेड. त्याच्या बापाचं नाव तिच्यावर होतं, आणि आपलंही लागावं म्हणून तो झुरत होता.

चौघांचे सूर तंतोतंत जुळले की वर एक पाचवा सूर उमटतो, कोणीही न गायलेला. परीक्षक त्यालाच कान लावून बसतात. त्या वर्षी शेवटच्या ओळीला तो उमटू लागला. ऑरिनने आपला सूर केसभर उतरवला. ढाल दुसऱ्यांना गेली. लॉफ्टिस भाऊ परीक्षकांच्या नावाने बोटं मोडत राहिले. डेल्मर टोपी घालून घराकडे निघाला.

हिवाळ्यात डेल्मरच्या घशात गाठ निघाली. ऑरिन इस्पितळात त्याच्या उशाशी बसून असायचा.

"मुद्दाम सूर उतरवलास ना रे, गाढवा?" एकदा डेल्मरने घोगऱ्या आवाजात विचारलं.

ऑरिनची मान खाली गेली. "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"म्हटलं, पुढचं वर्ष आहेच की."

ईस्टरच्या आधीच तो गेला.

उन्हाळ्यात डेल्मरच्या जागी नवा गडी घेऊन ते उभे राहिले. ऑरिन जीव ओतून गायला आणि ढाल मिळाली. तो तडक स्पर्धेच्या समितीतल्या बाईंकडे गेला, माझं नाव गाळा आणि डेल्मरचं घाला म्हणाला. बाईंनी हळुवारपणे समजूत घातली, की जो गायला त्याचंच नाव लागतं.

"तेच म्हणतोय मी," ऑरिनला रडू आवरेना. "गेल्या वर्षी तो गायला होता. गायला नाही तो मी."