रिलीव्हर आला नाय

वृंदाने पिशवीचं तोंड बांधलं, पुन्हा सोडलं, अण्णांसाठी घेतलेला पेढ्यांचा पुडा तळातून काढून वर ठेवला आणि पुन्हा बांधलं. मग दारात जाऊन रस्ता पाहिला. अच्युतच्या सायकलचा पत्ता नव्हता.

रोह्याला नुकत्या कंपन्या आल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. वरसे गावात कामगारांच्या बैठ्या चाळी उठल्या होत्या आणि चाळीचा सगळा दिवस कंपनीच्या भोंग्यावर चालायचा. फर्स्ट शिफ्ट सुटल्याचा भोंगा कधीच होऊन गेला होता. अच्युतसाठी झाकून ठेवलेला चहा निवला होता.

सकाळी पेणहून निरोप आला होता. भावाने एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेला. "अण्णांचं काही खरं नाही. जावयाला बोलवतायत. दोघं आजच्या आज निघा." वृंदाने कंडक्टरला थांबवून विचारलं होतं, "जावयालाच म्हणाले ना? नक्की?"

अण्णा, म्हणजे दामोदर मास्तर, पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवत. रात्री पानावर बसलं की मुलींना विचारायचे, "आजचा आवडता शब्द? आणि नावडता?" वृंदाचा आवडता 'बटरफ्लाय'. धाकट्या सुनीतीचा नावडता कायम 'होमवर्क'. अण्णा स्वतः मात्र म्हणायचे, शब्दाने माझं काय घोडं मारलंय? मला सगळेच आवडतात.

सुनीतीच्या लग्नात ते बदललं. थोरला जावई आला तो पंगती उठल्यावर, तेलाचे डाग पडलेल्या खाकी कपड्यांत. "रिलीव्हर आला नाही, अण्णा," अच्युत म्हणाला. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन मशीन ताब्यात घेईपर्यंत जागा सोडता येत नाही, हेही त्याने सांगून पाहिलं. अण्णा नव्या व्याह्यांसमोर म्हणाले, "जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण इतका नावडता शब्द आजवर भेटला नव्हता." त्या दिवसापासून अच्युत पेणच्या घराची पायरी चढला नव्हता. अण्णांनीही बोलावलं नव्हतं. आज बोलावलं, आणि हा अजून कंपनीतच.

ती एकटी निघू शकली असती. पण एकटीला पाहून अण्णा काय समजतील? बोलावूनही आला नाही, हेच ना?

एवढ्यात फर्स्ट शिफ्टचा हिरामण सायकलवरून येताना दिसला. वृंदा रस्त्यावरच गेली.

"हे कुठायत?"

"दादा अडकलं, वहिनी. रिलीव्हर आला नाय."

"कोण येणार होता?"

हिरामणने मान खाली घातली. "रघू. सिक टाकलाय म्हन."

वृंदा घरात आली. उभीच राहिली. भिंतीपलीकडे रघूचंच बिऱ्हाड. ओले बोंबील तळल्याचा वास येत होता आणि रघू लेकीला पाठीवर घेऊन घोडा घोडा करत खिदळत होता. हा म्हणे आजारी, रजेवर!

अण्णांचा तो शब्दांचा खेळ तिनेच चाळीत आणला होता. नळावर बायका हौसेने खेळायच्या. कुणाचा आवडता 'बोनस', कुणाचा 'ओव्हरटाइम'. रघूची बायको पुतळी मात्र म्हणाली होती, "माझा सिक. सिक टाकला का मानूस घरात ऱ्हातो." तेव्हा सगळ्यांत मोठ्याने वृंदाच हसली होती.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. एक गाडी गेली. आता संध्याकाळची शेवटची.

तिने पुतळीची कडी वाजवली. खिदळणं एकदम थांबलं. आतून कण्हण्याचा आवाज आला.

"कण्हू नका, भाऊजी," वृंदा म्हणाली. "मी कंपनीची नाही."

पुतळीने दार उघडलं. हातात झारा. "वयनी, रागावू नको गो. पोर बापाला वळखत नाय झाली. हा येतो तवा ती झोपलेली, ती उठती तवा हा झोपलेला. म्हनून म्हटलं, एक दिस..."

वृंदा भांडायचं ठरवून आली होती. पण बापाच्या पाठीवरची पोर तिच्याकडे टकमक बघत होती. "अण्णांनी यांना बोलावलंय," ती कशीबशी म्हणाली. "आज नाही गेले तर..."

पुतळीने झारा खाली ठेवला, पोर उचलून कडेवर घेतली आणि खुंटीवरची खाकी पँट नवऱ्याच्या अंगावर टाकली. "उठा. झालात तेवढं सिक पुरं."

"अगो, सिक टाकलेला मानूस गेटवर कसा जाल? टाइमकीपर काय बोलंल?"

"बोलंल ता बोलंल. सांगा, बायकोच्या हातचा बोंबील खाल्ला नि बरा झालो."

"खाल्ला कुठं अजून?"

पुतळीने भाकरीत बोंबील गुंडाळून त्याच्या हातात कोंबला. तो सायकलवर बसला तशी पोरीने भोकाड पसरलं. "गेला गो माझा आवडता शबुद," पुतळी म्हणाली. हसत म्हणाली, पण तिने वृंदाकडे पाहिलं नाही.

रघूकडून कळलं तसा अच्युत आला तो थेट एसटी स्टँडवरच. गाडी सुरू झाली होती, वृंदा पायरीवर एक पाय ठेवून कंडक्टरशी हुज्जत घालत होती. नागोठणं मागे पडलं. मग तो म्हणाला, "कपडे बदलायला हवे होते." ती म्हणाली, "राहू दे."

पेणच्या घरात अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. वृंदाने हाक मारली. त्यांनी मान वळवली, पण नजर तिच्यावरून सरकून मागच्या खाकी कपड्यांवर गेली आणि तिथेच थांबली. मग ओठ हलले.

"आला का तुझा रिलीव्हर?"

अच्युत उंबऱ्यातच होता. "आला, अण्णा."

"मग बस," अण्णा म्हणाले, आणि हात अंथरुणावरून थोडा सरकवून त्यांनी त्याला जागा करून दिली.